आमच्याच कंपनीची केबल

९ नोव्हेंबर, निपाणी

क्लच केबल तुटली. निपाणीच्या पुढे, हायवेवर, भर दुपारी. लिव्हर दाबला तर हाताला काही लागेचना. आणि केबल कुणाची, तर आमच्याच कं.ची! मानपाड्याच्या आमच्या कारखान्यात बनलेली, मी स्वतः मशीनवर खेचून पास केलेल्या लॉटमधली. आमच्या बाईकवाल्यांच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना वर्षभर मीच सांगतोय की बाहेरची घेऊ नका, आमची घ्या, डोळे झाकून घ्या. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून काहींच्या गाड्यांना स्वतः बसवूनही दिल्या.

सोबत आलेल्या भूषणला आयतंच सापडलं. रस्त्याच्या कडेला हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून हसत बसला. "भाई, तुमची कंपनी केबल बनवते की कुरडया?"

हसू दे. जवळ स्पेअर होती, लावली. स्पेअरसुद्धा आमचीच, त्याच लॉटची. एखादा पीस खराब निघतो, कुठल्या कारखान्यात निघत नाही? उद्या हंपी.

१० नोव्हेंबर, कोप्पळ

दुसरीही गेली!!

कोप्पळच्या अलीकडे. तीच जागा. तार शाबूत, वरचं प्लास्टिक शाबूत, फक्त तारेच्या टोकाला ओतलेली जस्ताची गोळी, जी लिव्हरमध्ये अडकते, ती निम्म्यात तुटलेली. एकदा झालं तर नशीब म्हणता येतं, दुसऱ्या दिवशी परत झालं तर काय म्हणायचं? इतका संताप झाला की हेल्मेट आपटलं. आता व्हायझरला तडा. तेही माझंच नुकसान.

भूषणने धक्का मारला, पहिल्या गिअरमध्ये चालू केली आणि क्लचशिवाय रखडत गावात आणली. प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद, परत धक्का. दुकानदाराने केबल बघितलीसुद्धा नाही आणि मलाच विचारतो, "क्लच पे हाथ रख के चलाते हो क्या?" अरे! कॉलेजपासून गाडी चालवतोय मी. काही मोडलं की आधी चालवणाऱ्याचा दोष, ही या धंद्यातली रीतच झालीय. बनवणाऱ्याला कोणी विचारतच नाही.

त्याच्याकडे मिळाली ती दुसऱ्या कं.ची केबल लावली. भूषणची सुट्टी संपली, म्हणून इथूनच परत. हंपी इथून किती जवळ, आणि बघितली नाही ती नाहीच. भूषण आता हसत नाही, बोलतही नाही. त्यापेक्षा कुरडया बऱ्या होत्या.

दोन्ही तुटकी टोकं ब्रशच्या डबीत ठेवलीत.

१३ नोव्हेंबर

कामावर. आधी ताज्या मालातल्या केबल मशीनवर खेचल्या. सगळ्या पास. मग कपाटातले, प्रत्येक लॉटचे राखून ठेवलेले जुने नमुने काढले. पावसाळ्याच्या आधीचे. लावले आणि खेचले.

तुटले. एकामागून एक तुटले. आत काळपट, खरखरीत, गुळाची ढेप फोडल्यासारखं.

मागे भट्टीकडे गेलो. तिथे कधी फारसं जाणं होत नाही, माझं टेबल पुढच्या शेडमध्ये. पत्र्याला टेकून भंगाराची पोती. जुने नळ, कसली कसली हँडलं, शिशाचे तुकडे. हे सगळं जस्तात वितळवून आमच्या केबलची टोकं ओततात! शिसं मिसळलेलं जस्त ताजं असताना मजबूतच असतं, माझ्या मशीनवर पास होतं. मग दमट हवेत महिनोन्‌महिने आतून कुजत जातं. म्हणजे मी रोज प्रामाणिकपणे तपासत होतो आणि त्या तपासण्याला काडीची किंमत नव्हती. चुकून झालेलं नाही हे. कुणीतरी ठरवून पोती आणलीत.

जेवलो नाही. डबा तसाच परत. बायकोने, प्राजूने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो, तिचा काय संबंध?

१४ नोव्हेंबर

अण्णांच्या केबिनमध्ये. मालक म्हणजे अण्णा, सगळे अण्णाच म्हणतात. बाबा गेले तेव्हा यांनीच घरी येऊन सांगितलेलं, नीलेशची काळजी करू नका, त्याला माझ्याकडे पाठवा. म्हणून आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलेलो.

टोकं टेबलावर ठेवली. चष्मा लावून बघितली त्यांनी, नीट बघितली. मग म्हणाले, "केबल ही तुटायचीच वस्तू आहे, नीलेश. तुम्ही मुलं घाटात अर्धा क्लच दाबून चालवता."

हेही तेच! तो कोप्पळचा दुकानदार आणि हे!

भंगाराचं बोललो. जुने नमुने तुटले तेही सांगितलं. शांतपणे म्हणाले, "पुढच्या लॉटपासून शुद्ध जस्त वापरू. झालं समाधान?"

"आणि जो माल दुकानांत गेलाय तो?"

"तो गेला."

"अण्णा, हीच टोकं आपण स्कूटरच्या ब्रेक केबलला पण लावतो. क्लच तुटला तर गाडी थांबते. ब्रेक तुटला तर थांबत नाही."

चहा मागवला त्यांनी. दोन कप. मी प्यालो नाही. आजवर या केबिनमध्ये चहाला कधी नाही म्हटलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

काल बोलताना तोंडून ब्रेक केबल निघालं आणि तेव्हापासून ताई डोक्यात. बाळकुमहून घोडबंदर रोडने रोज स्कूटरवर ऑफिसला जाते. त्या बसेस, ते ट्रक. पुढच्या ब्रेकची केबल मीच बसवलेली, उन्हाळ्यात, वर ऐट मारून की घरची आहे, फुकट आहे.

आज रविवार म्हणून ती घरी होती. खाली पार्किंगमध्ये बसून काढली आणि बाजारातून आणलेली दुसरी लावली. काढलेलीचं टोक पकडीत धरून पिरगाळलं, तर तुकडा पडला. ताई जिन्यात उभी.

"निलू, माझ्या ब्रेकला हे होतं?"

"हो."

"आणि भूषणच्या आईच्या स्कूटरला? तिलाही तूच दिलेलीस ना?"

भूषण तिच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. वर गेलो. त्याची आई चहा टाकते म्हणत होती, म्हटलं आधी चावी द्या. भूषण खाली आला, मुकाट्याने पाना धरला. तिचीही काढली. पण जी मी बसवली नाही, जी दुकानात जाऊन कुणी विकत घेतली, ती कोण काढणार? कल्याणला, अंबरनाथला, नाशकात, कुठे कुठे माल जातो आमचा.

१७ नोव्हेंबर

काल ग्रुपवर लिहिलं. सरळ लिहिलं, कं.चं नाव घेऊन. या केबल काढा, कारण टोकांचा धातू कच्चा आहे, मी स्वतः तपासलंय. माझ्या सांगण्यावरून घेतलेल्या म्हणून सांगायची जबाबदारीही माझी.

आज जेवणाच्या सुट्टीत अण्णांचं बोलावणं. कुणीतरी स्क्रीनशॉट त्यांच्यापर्यंत पोचवलेला. उभंच ठेवलं मला.

"घरातलं घरात बोलायचं असतं."

"घरातच बोललेलो, अण्णा. तुम्ही म्हणालात, तो गेला."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मायेने बोलले. मशीन जुनी आहे, तुझा काही गैरसमज झाला असेल. इतक्या घरांच्या चुली यावर चालतात, बाहेरच्या शेडकडे बघ. मग मुद्द्यावर आले. त्याच ग्रुपवर मी लिहायचं की केबल बसवताना माझ्याकडूनच मुडपली, मालात दोष नाही. सोमवारपर्यंत. नाहीतर "मला वाईट वाटेल, पण मग तू तुझी सोय बघ."

मुडपली! माझ्याकडून!

प्राजूला सांगितलं. मग म्हणाली, "दोन ओळी तर आहेत. लिहून टाक. ग्रुपवर कोण एवढं लक्षात ठेवतं?" आणि लगेच स्वतःच, "नको. ताईंना काय तोंड दाखवशील?" आमच्यात हे असं. दोन्ही बाजू तीच मांडते आणि निकाल माझ्यावर सोडते.

२० नोव्हेंबर

तीन वेळा टाईप केलं, तीन वेळा पुसलं. 'माझ्याकडून' या शब्दापाशी येऊन बोट अडकतं. चिडचिड स्वतःवर नाही, अण्णांवर आहे. भंगार टाकणार ते आणि कबुली द्यायची मी, आणि वर उपकारांची आठवणही मीच ठेवायची. बाबांच्या वेळचं खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण म्हणून काय काहीही?

एक मन मात्र म्हणतं, म्हाताऱ्याला खरंच पटलेलं नसेल. आयुष्य गेलं त्यांचं या मालात. आपल्या मालात खोट आहे हे कबूल करणं सोपं नसतं. सोमवारी जाऊन पुन्हा एकदा नीट समजावतो. नमुने त्यांच्यासमोर खेचून दाखवतो. डोळ्यांनी बघितलं तर ऐकतील.

२१ नोव्हेंबर

आज अण्णांच्या सूनबाई, म्हणजे वहिनी, अण्णांच्या गोळ्या द्यायला कारखान्यात आलेल्या. स्वतःच्या स्कूटरवर. माझ्या शेडच्या दारातच लावली आणि आत गेल्या.

सवयीने नजर हँडलकडे गेली. आता कुठल्याही गाडीजवळून जाताना जातेच. ही स्कूटर मला पाठ आहे, कारण मार्चमध्ये हिच्या दोन्ही ब्रेकना आमच्या केबल मीच बसवलेल्या, अण्णांच्या सांगण्यावरून. आज पुढच्या ब्रेकला आमची केबल नाही. कोरी करकरीत, दुसऱ्या कं.ची. वरचं प्लास्टिकसुद्धा अजून मळलेलं नाही. वाकून मागच्या ब्रेकची बघितली. तीही बदललेली.

म्हणजे पटलंय अण्णांना. पहिल्याच दिवशी पटलं असेल, चष्मा लावून टोकं बघितली तेव्हाच. खिशातून फोन काढला आणि फोटो घेतले. दोन्ही केबलचे, नंबर प्लेटसकट.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा मी अजून तिथेच, फोन हातात.

"काय झालं, नीलेशदादा? ब्रेकमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही, वहिनी. तुमचा ब्रेक एकदम चांगला आहे."