भिंतीवरची बोटं

चँडलर,
१४ ऑक्टोबर २००६

चि. गुरुदत्तास अनेक आशीर्वाद.

तिकडे उत्तरेत नोव्हायला थंडी पडू लागली असेल. आमच्याकडे अजून पंखे चालू आहेत. सुचित्रा बरी आहे.

तू इकडे आला होतास, त्या रविवारी सकाळी दरी चढून कड्यातल्या त्या जुन्या घरांपाशी पोचल्यावर मी बूट काढले. तू हसलास. "अण्णा, हे देऊळ नाही. सातशे वर्षं इथं कुणी राहत नाही." आपल्याला फिरवून दाखवणारी लोरेन तिथल्या होपी या आदिवासी जमातीची, तिच्याच पूर्वजांनी बांधलेली ती घरं. तू तेच इंग्रजीत तिला ऐकवलंस, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "राहतात. तुम्हाला दिसत नाहीत, एवढंच."

धान्याच्या कोठीवर लिंपणाऱ्या बाईची बोटं उमटलेली होती. आपली आई भिंत सारवायची तशीच, चार ओळीनं. त्या भिंतीला कुंकू लागलं.

लोरेन पुढच्या खोलीत होती. तू बाटलीतलं पाणी ओतून रुमालानं खसाखसा घासलंस. मातीचा गिलावा तो, गुरुदत्त! कार धूत होतास का? पापुद्रा सुटला, बोटांसकट. तो बुटानं कोपऱ्यात सारून तू म्हणालास, "चूप बस. तुझी ग्रीन कार्डाची फाइल अजून मंजूर व्हायचीय ना?"

मी चूप बसलो.

सोमवारी तिथल्या कचेरीत फोन करून चौकशी केली. लोरेनला कामावरून काढलंय, लोकांवर लक्ष ठेवलं नाही म्हणून. घर तिच्या पूर्वजांचं, खरवडलं आपण, शिक्षा तिला! तुला सांगितलं तर तू म्हणतोस, "तिला दुसरा जॉब मिळेल रे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या बांधावरचा म्हसोबा कुणी हलवला असता, तर पहिली काठी तूच उचलली असतीस.

ह्या पत्राआधी तीन पत्रं फाडली. तिन्हींत 'कुंकू लागलं' असंच लिहिलं होतं. कुंकू आपोआप लागत नाही. पाकिटातली अंबाबाईची पुडी मी उघडली, मी लावलं. 'भिंतींना हात लावू नका,' असं लोरेननं दोनदा बजावलेलं मी ऐकलं होतं. वाटलं, भक्तीला कसली मनाई! तू निदान पुसायला तरी धावलास.

सुचित्राची फाइलही माझ्याच अर्जाला जोडलेली, म्हणून तिला विचारलं. तिनं पोळीभाजीचा डबा हातात दिला. "जाऊन या," एवढंच म्हणाली.

काल रजा टाकली, चार तास गाडी चालवत तिथल्या कचेरीत गेलो आणि सगळं लिहून, सही करून दिलं. तुझं नाव घातलेलं नाही. ते तुझं तू घाल.

अजूनही तुझाच,
दिगंबरअण्णा