तिच्याच पेशींवरचा ठपका

प्रति,
मा. अपघात नोंद अधिकारी,
कामगार सुरक्षा कार्यालय.

विषय : जलतरण तलावावरील सफाई कामगार (माझी पत्नी) हिच्या मृत्यूच्या कारणाची नोंद दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : आपले गेल्या महिन्याचे नकाराचे पत्र.

महोदय,

मी त्याच तलावाच्या फाटकावर सतरा वर्षे पहारेकरी आहे. पत्नीचा मृत्यू 'स्वतःच्या शरीरातील पेशींच्या क्रियेमुळे' झाला, सबब तो अपघात नव्हे, असे आपण कळविले आहे. पत्र तीन वेळा वाचले. पटत नाही.

१. भांडारात सफाईच्या औषधाची रिकामी बाटली जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही. म्हणून सगळ्याच बायका तळाचे उरलेसुरले एका बादलीत ओततात. त्या दुपारी बादलीत फरशीचे ॲसिड होते, वरून तिने ब्लीचिंगचे पाणी ओतले आणि विषारी वायू निघाला. खोलीला खिडकी नाही.

२. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "वायूनं फुफ्फुसाच्या आतल्या अस्तराच्या पेशी भाजल्या. त्यांनी मदतीला हाक मारली. रक्तातल्या रक्षक पेशी धावून आल्या, पण त्या थांबेचनात. अस्तर फाटलं आणि श्वासाच्या जागेत पाणी भरलं." आपल्या कार्यालयाने यातले पहिले वाक्य गाळले.

३. चोरामागे धावताना मी एकदा भांडाराचे दार मोडले होते. चौकशीत मला बोलणी बसली, पण चोर आलाच नव्हता, असे कोणी लिहिले नाही. इथे मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आहे.

४. त्या पेशी मयताच्या नव्हत्या, असा दाखला आणा, असे आपल्या कारकुनांनी सुचविले. तो कोठे मिळतो, हे कळवावे. पेशी तिच्याच होत्या, साहेब. तीही हाक आली की हातचे काम टाकून धावायची, आणि थांब म्हटले तरी थांबायची नाही.

५. अपघाताची नोंद नाही, म्हणून बाटल्यांचा नियम बदलायचे कारण नाही, असे भांडारवाले सांगतात. काल दुसऱ्या पाळीच्या बाईंच्या हातात मी तीच बादली पाहिली. मी अडवले, तर म्हणाल्या, नियमच तसा आहे.

तोंडावरच्या मास्कमुळे पत्नीला बोलता येत नव्हते. पाचव्या दिवशी तिने कागद मागून लिहिले, "बादली तशीच असेल. दुसऱ्या पाळीच्या बाईला सांगा." तिचा हात सोडून मला उठवले नाही. संध्याकाळी ती गेली, आणि निरोप माझ्याकडेच राहिला. माझ्या तोंडून तो पोचत नाही, म्हणून आज आपल्याकडे देत आहे. कृपया पोचवावा.

आपला नम्र,
(सही)
फाटकावरील पहारेकरी
दिनांक : १२ मार्च

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. पत्नीने लिहिलेला कागद, मूळ. पाहून झाल्यावर परत मिळावा. तिच्या अक्षरातला दुसरा कागद घरात नाही.