घोडेस्वार आणि विहिरीचं पाणी

आप्पा, तुमचा तो घोडेस्वाराचा सिनेमा काल अखेर पाहिला. इथं सांगलीत, माझ्या घरी, टीव्हीवर. आई शेजारच्या खाटेवर पडून होती. आता खाली हिंदीत अक्षरं येतात. पलटणीत असताना तुम्ही तो पाहिलात तेव्हा इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यावाचून तुमचं काही अडलं नाही. दिवाळी झाली की तुम्ही मेंढरं घेऊन जतहून कृष्णाकाठाला निघायचा, आणि आदल्या संध्याकाळी घोंगडं झटकत तीच गोष्ट सांगायचा. उजाड माळ, गुंडांनी गांजलेलं गाव, लांबून येणारा एकटा माणूस. तो विहिरीवर येतो आणि आधी घोड्याला पाणी पाजतो. "जनावर तान्हेलं ठिवून जो पितो, त्यो कसला गडी," तुम्ही म्हणता. मग तो गुंडांना लोळवून निघून जातो, आणि पावसाच्या तोंडाला परत येतो. आई भाकरी थापतेय. मान न वळवता विचारतेय, "आवं, येतो न्हवं नक्की?" "येतो की. जातोय कुठं?"

मग एका वर्षी मेंढरं परत आली, तुम्ही नाही. साप चावला, तिकडंच नदीकाठी माती दिली, असं बरोबरच्यांनी सांगितलं. आईनं तुम्हाला शेवटचं पाहिलं नाही, त्यामुळे तिनं ते कधी मनापासून मानलंच नाही. मला तुमचा राग यायचा. अजूनही येतो.

लोक इतकी वर्षं हा सिनेमा का बघतात ते मला लगेच कळलं. धुळीतून कुणीतरी आपल्यासाठी येतंय, एवढंच माणसाला बघायचं असतं. माळही थेट आपल्या जतसारखा, फक्त पाण्याचा टँकर तेवढा नाही. घोड्याला आधी पाणी, तेही खरं निघालं, म्हणून पुढचंही खरं असेल असं धरून मी बसले. पण तो परत येत नाही, आप्पा. एकटाच निघून जातो आणि सिनेमा संपतो. भाषा कळत नव्हती, पण तुम्हाला डोळे होते. तुम्ही ते जाणूनबुजून लपवलंत.

आईला आता नीट दिसत नाही. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. सिनेमाचा आवाज थांबला तशी तिनं विचारलं, "आला का गं त्यो?"

मी टीव्ही बंद केला. "आला की, आई. हिरीवर हाय. घोड्याला पाणी पाजतोय."

"मग येईल आता," ती म्हणाली, आणि चाचपडत डोक्यावरचा पदर सारखा केला.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते, तिनं पदर सारखा केला तेव्हा मीही दाराकडं पाहिलं.