चिनी ती चिनी

४ डिसेंबर
चि. मालतीस सातवा महिना लागला. पहिले बाळंतपण म्हणून माहेरी आणली. पाठोपाठ माझी थोरली बहीण आक्का, न बोलावता, गिरगावात दाखल. मालतीस शौचास साफ होत नाही, ही वार्ता आक्काने गॅलरीत उभी राहून सर्व चाळीस कळविली.

५ डिसेंबर
आक्काने फडताळातून कै. सौ. इंदिरेचा डबा काढला. (कै. व सौ. शेजारी शेजारी लिहिण्यास हात अजून तयार नाही.) आत वाळक्या मुळाचे तुकडे.
"ही चिनी. उगाळून दिली की पोरीचं पोट मोकळं!"
मी म्हणालो, ती चोपचिनी. इंदिरा थंडीत माझ्या गुडघ्यांसाठी तिचा पाक करीत असे.
"चिनी ती चिनी! बाळ्या, बी. ए. झालास म्हणून मुळं कळतात होय तुला?"
सेवानिवृत्तीस आलेल्या मनुष्यास बाळ्या!

६ डिसेंबर
तुकडा घेऊन ठाकुरद्वारच्या वैद्यांकडे गेलो. हरताळ, दुकान बंद. संयुक्त महाराष्ट्राची मागणी न्याय्य आहे, याविषयी माझे दुमत नाही, तथापि...
आक्का म्हणाली, "मुंबई मिळायची तेव्हा मिळेल, आधी पोरीला होऊ दे!"
फडताळास कुलूप घातले. किल्ली जानव्यास.

७ डिसेंबर
वैद्यांनी तुकडा सहाणेवर उगाळला. पिवळाधमक. चोपचिनी नव्हे, रेवाचिनी. नावे सख्ख्या बहिणींसारखी, गुण निराळे. क्वचित चिमूटभर घेतल्यास कोठा साफ. अधिक झाल्यास मुरडा व जुलाब. मुतखडा असणाऱ्यास नको, रोज तर कोणासच नको. गर्भिणीस आणि अंगावर पाजणारीस वर्ज्य. मालतीस भिजविलेल्या मनुका द्याव्या, अन्यथा डॉक्टरीणबाईंना विचारावे.
नंतर वैद्य हसले. "वहिनी तुमच्यासाठीच न्यायच्या. अधूनमधून, हळदीच्या दुधातून. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."
माझ्या नियमित प्रकृतीचे श्रेय मी आजवर प्रातःकाळच्या चालण्यास देत आलो. ती गेल्यावरही चालणे चालूच आहे. प्रकृती मात्र

८ डिसेंबर
आक्कास सर्व समजावून दिले.
"मी बाळंतपणं काढली, बाबा. तुझ्या वैद्यानं किती काढली?"
मालती म्हणते, "नाना, आत्याला दुखवू नका ना." म्हणजे दोष माझाच!
सायंकाळी आक्काने आपण होऊन दूध आणले. एक पेला मालतीस, एक मला. दोन्ही पिवळे.
"हळद आहे रे, हळद!"
किल्ली जानव्यासच आहे. परंतु कुलूप घालण्यापूर्वी डबा दिवसभर आक्काच्या हाती होता. वास घेतला, पडशामुळे काही कळेना. मालतीच्या हातातून पेला काढून घेतला.
"नाना, अहो, ते माझं दूध!"
दोन्ही पेले मीच प्यालो. आक्का पदर तोंडाशी धरून हसत राहिली. का, ते सांगेना.
चव हळदीचीच वाटली. इंदिरेच्या दुधाचीही अशीच वाटत असे.