पडद्यावरची पाव भाकर

नाना,

तुमच्या शाळेत आता टीव्ही आलाय. ‘तुमच्या’ म्हणते, कारण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी गावाच्या लेखी ती तुमचीच शाळा, आणि मी तिथली मॅडम नसून नानांची पोर. टीव्ही नेमका तुमच्या फळ्याच्या डोक्यावर बसवलाय. कारागीर भिंतीला भोक पाडत होता तेव्हा मी दोनदा मागे वळून पाहिलं. वाटलं, येऊन विचाराल, “हे काय चित्रपटगृह आहे का?” घरी तुम्ही असं विचारलं नसतंत. घरी म्हणाला असतात, “हाई काय शे वं?” शाळेच्या फाटकातून आत पाय टाकला की तुमची भाषा इस्त्री करून यायची, आणि आमच्या तोंडूनही तशीच यायला हवी असा तुमचा दंडक.

मीही तोच चालवत आले, बरं का. वर्गात बोलायचं ते पुस्तकातल्यासारखं. आणि चौथीतली एक मुलगी जूनपासून एक शब्द बोलली नव्हती. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. तिची आई म्हणायची, “घर ते तिन्हं तोंडच बंद होत नही, मॅडम.” माझ्यापुढे मात्र ठार मुकी. बाप एक दिवस शाळेत येऊन सांगून गेला, “बोलतच नही, ते पाचवीले ब्राह्मणपुरीले धाडीसन काय फायदा? ऱ्हाई घरमा.” आपली शाळा अजूनही चौथीपर्यंतच, पाचवीसाठी ब्राह्मणपुरी गाठावी लागते. मी त्याच्याशी भांडले, पण भांडायला हातात होतं काय? त्या मुलीचा एक शब्दसुद्धा नव्हता.

त्यात दर गुरुवारी तालुक्यातल्या सगळ्या शाळांचा मिळून ऑनलाइन तास सुरू झाला. आपल्याकडे रेंज फक्त मागच्या खिडकीत, म्हणून मोबाइल गजाला फडक्याने बांधायचा आणि त्यावरून टीव्ही चालवायचा. शहरातल्या एक बाई शिकवतात. त्या दिसल्या की आपली पोरं खाडकन उभी राहतात आणि हात जोडून म्हणतात, “नमस्ते बाई!” एकदा नेट अडकलं, बाईंचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजला आणि पोरं उभीच! मी बसा म्हटलं तर एकही बसेना, कारण पडद्यावरच्या बाईंनी अजून ‘बसा’ म्हटलं नव्हतं. तुमची शिस्त हो, दुसरं काय! अख्खा वर्ग सात-आठ मिनिटं टीव्हीच्या सन्मानार्थ उभा होता.

मग एका गुरुवारी अपूर्णांक होते. तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेबही त्यांच्या कचेरीतून तास ऐकायला बसले होते. बाईंनी विचारलं, “आईने एक भाकरी केली. अर्धी बाबांना दिली. उरलेल्यातली अर्धी दादाला. तर आईला किती उरली?” मी दबक्या आवाजात म्हणतेय, “एक चतुर्थांश, म्हणा, एक चतुर्थांश.” कोणी ओठ हलवेना. खिचडी शिजवणाऱ्या आजी झारा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना राहवेना.

“पाव उरनी, आखो काय! बापले अर्धी आनि जी रांधस तिले पाव? हाई कोन शिकाडस?”

आणि मागच्या ओळीतून आवाज आला, खणखणीत, “आजी, पीठ शे ना! ती दुसरी टाकी. पन ह्या भाकरमाईन पावच उरनी.”

मी वळले. ती मुलगी! आनंदाने ओरडणार, तेवढ्यात लक्षात आलं की मेले, माइक चालूच आहे. सगळ्या तालुक्याने ऐकलं. पडद्यावर भलामोठा साहेबांचा चेहरा आला. आजी “वं माय!” म्हणाल्या आणि त्यांनी पदर थेट नाकापर्यंत ओढला, कारण साहेब त्यांच्या सासरगावचे, नात्याने जेठ, म्हणजे थोरले दीर लागतात. टीव्हीसमोर नको म्हणून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“कोण बोललं?” साहेबांनी विचारलं. ती उठली. वाटलं, आता ही पोर जन्मात तोंड उघडायची नाही.

साहेब म्हणाले, “बरोबर शे, बेटा. माय दुसरी टाकसच.” मग खाकरले, चष्मा नीट केला आणि पुन्हा साहेब झाले. “उत्तर एक चतुर्थांश. पुढे चला.”

नाना, मी खिडकीकडे जाऊन मोबाइलची गाठ उगाच सोडत-बांधत बसले. डोळे भरून आले होते आणि पोरांना दिसू द्यायचं नव्हतं. आता ती पोर एवढी बोलते की कान किटतात. मी दोन्ही भाषांत धडे रेकॉर्ड करते, ती आईच्या मोबाइलवरून त्यात चुका काढून पाठवते. काल बाप विचारून गेला, “मॅडम, पाचवीना दाखला कव्हय भेटी?”

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नव्हे. मी दुसरीत होते. तुमच्या तासाला उठून म्हणाले होते, “नाना, मन्हं पोट दुखी ऱ्हायनं.” तुम्ही मला उभंच ठेवलंत. “गुरुजी, माझे पोट दुखत आहे” असं तीनदा म्हणवून घेतलंत, मग घरी धाडलंत. त्या दिवशी घरी खापरावरचे मांडे होते. तुम्ही तुपात बुडवून खात होतात आणि मी समोर बसून ओवा चावत पेज पीत होते. सकाळी उठले तर उशाशी ताटलीखाली एक मांडा झाकलेला होता. कोणी ठेवला ते आईने कधी सांगितलं नाही, तुम्हीही नाही.

हे पत्र हजेरीपटात घडी करून ठेवतेय. पाठवायचं कुठे? आता सांगूनच टाकते. त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं. वर्गात, सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, “काय व्हयनं वं माय?”