आठ किलोची नात अन् अण्णांचं खाकरणं

हैदराबाद, सोमेश्वरचं घर, नववा मजला

तीर्थस्वरूप तातेराव अण्णा यांना धाकट्या बद्रीनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (इथं मी नवव्या मजल्यावर आहे, त्यामुळं डोकं नेमकं कुणाच्या छताला टेकलं ते सांगता येत न्हाई. भावना तुमच्या पायांचीच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल लावता, का नुसतं फळीवर ठेवून त्याच्याकडं बघता? खोकला कसा आहे? (मी आजाराच्या खोकल्याचं विचारतो. तुमचं खाकरणं वेगळं, त्याच्याविषयी पुढं सविस्तर लिहिलं आहे.) केशरवहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता त्यांना तुम्ही बराबर दिसून राह्यले असाल, म्हणून मला त्यांची काळजी वाटते. (ही ओळ वहिनीला वाचून दाखवावी.)

फोन का न्हाई केला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई, मंग तुमचा धर्मराज फोन मोठ्या आवाजावर टाकतो, अन् मी इथं हळूच बोललेली गोष्ट तिकडं सगळ्या केदारखेड्याची होते. ह्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी तुमच्या-माझ्यातच राहाव्यात अशा आहेत. तवा चष्मा लावा अन् स्वतः वाचा.

तर बातमी अशी, की मी विमानात बसलो. एकटा. म्हणजे एकटा बी न्हाई, अन् सगळी भानगड तिथंच आहे. माझ्यासोबत सोमेश्वरची लेक होती, आठ महिन्यांची, आठ किलोची, कागदोपत्री शिवन्या अन् घरात ठकूबाई. सूनबाईची, म्हणजे दैवशालाची, बाळंतपणाची रजा संपली अन् ऑफिसनं तिला पंधरा दिवस पुण्याला ट्रेनिंगला धाडलं, म्हणून ठकूबाई आमच्याकडं जालन्याला होती. पंधरा दिवसांनी मी अन् गोजर दोघांनी तिला विमानानं हैदराबादला पोचवायचं, असं ठरल्तं. दोन तिकिटं बी काढल्ती. अन् निघायच्या तीन दिवस आधी गोजर मोरीत पाय घसरून पडली. पाय प्लास्टरात. (तुमची भावजय आता बरी आहे, पलंगावर बसून साऱ्या गल्लीला हुकूम सोडते.) सोमेश्वरला सुट्टी न्हाई, लग्नसराईत रेल्वेचं तिकीट न्हाई. त्याचा फोन आला, बाबा, तुम्ही एकटे आणाल का तिला? त्याच्या आवाजात भरवसा कमी अन् नाइलाज जास्त होता. मी म्हणलं, आणतो की, त्यात काय. फोन ठेवला अन् मला घाम फुटला.

का फुटला, ते जगात तुमच्याइतकं कुणाला कळणार न्हाई. अण्णा, मी एकसष्ट वर्षांचा झालो, एका पोराचा बाप झालो, पण तान्हं लेकरू हातात कसं धरतात ते मला म्हाईतच न्हाई. आपल्या घरात मोठ्यांच्या देखत बापानं स्वतःचं लेकरू उचलायचं न्हाई, ही रीत. अन् तुम्ही मोठे, अन् तुम्ही कायम देखत. दारात तुम्ही खाकरले की बायका पदर सावरायच्या अन् मी हातातलं लेकरू खाली ठेवायचो. बरं, दुसऱ्याचं उचलायला मनाई न्हाई, म्हणून तुमच्या धर्मराजला मी जत्रेत खांद्यावर फिरवला (पण तवा तो चांगला चार वर्षांचा धोंडा होता, सांडण्यासारखा न्हाई), अन् माझा सोमेश्वर तुम्ही वागवला. एकदाच, घरी कुणी न्हाई असं बघून मी त्याला उचलल्तं. लई रडून राह्यल्ता. तेवढ्यात तुम्ही खाकरले. मी जल्दीनं त्याला सरकीच्या पोत्यावर ठेवलं अन् भिंतीकडं बघत उभा राह्यलो. तुम्ही सरळ पोत्याकडं आले. त्याला उचललं, छातीशी धरलं, अन् मळ्याकडं घेऊन गेले. तो तुमच्याकडं गप झाला. ते मला अजून आठवतं.

असो. गोजरनं पलंगावर बसल्या बसल्या माझी तालीम घेतली. मी तीस वर्षं नवीन जालन्यात बियाण्याच्या गोदामात काढली, तवा ठकूबाईच्या वजनाचं, आठ किलो सोयाबीन तोलून पिशवीत भरलं, पिशवीला दुपटं गुंडाळलं, अन् दोन दिवस ती पिशवी घेऊन घरात फिरलो. मान धरा, म्हणायची. मी पिशवीची मान धरायचो. ढेकर काढा, म्हणायची. मी सोयाबीनच्या पाठीवर थापट्या मारायचो. शेजारचा लतीफ, ज्याच्या गाडीनं आम्ही विमानतळावर जाणार होतो, तो हे खिडकीतून बघून गेला अन् बायकोला म्हणला, चचा को आराम की जरूरत है. पिशवी माझ्याकडून एकदाही पडली न्हाई, हे अभिमानानं लिहितो. फक्त पिशवी हालत न्हाई, नाक ओढत न्हाई, अन् आपण बोललो तर आपल्या तोंडाकडं टक लावून बघत न्हाई, एवढाच फरक निघाला.

निघायच्या दिवशी लतीफनं आम्हाला चिकलठाण्याच्या विमानतळावर सोडलं अन् तो परत फिरला. तिथून पुढं अण्णा, मी जे बघितलं त्यानं मी चाट पडलो. आपण दोघं आयुष्यभर सगळीकडं रांगेत उभं राह्यलो, आपल्याला कुणी कधी पुढं घेतलं न्हाई. पण ठकूबाईला बघून रांगच्या रांग बाजूला झाली! सुटाबुटातली माणसं, हातात दोन-दोन फोन असलेली, ती म्हणायची, काका, बाळ आहे, तुम्ही पुढं जा. आमदार आल्यासारखे आम्ही पुढं. मी कोण, तर आमदाराचा पीए. तिचा जन्माचा दाखला मागितला तर मी खिशातून काढून दोन्ही हातांनी दिला.

तपासणीला मात्र अडलो. गोजरनं ठकूबाईच्या पिशवीत दूध, दुपटी, गुटी उगाळायची सहाण, असं सगळं भरल्तं. मशिनीत ती पिशवी गेली अन् मशीनवाला माझ्याकडं बघायला लागला. सहाण बाहेर काढली. हा दगड कशाला, म्हणला. मी गुटी समजावून सांगितली, सहाण पास झाली. मंग त्यानं दुपट्याच्या घडीतून एक धारदार लोखंडी वस्तू काढली. (कोणती, ते शेवटी लिहितो. आत्ता विचारू नका.) लेकराच्या उशाशी लोखंड ठेवायची आपली रीत, ती गोजरनं मला न सांगता विमानात बी पाळली! सगळे जवान गोळा झाले. ठकूबाईला एका बाई जवानानं कडेवर घेतल्तं, त्या कुठल्या उत्तरेकडच्या होत्या. त्यांनी ती वस्तू बघितली, लेकराकडं बघितलं, अन् हसल्या. म्हणल्या, नज़र के लिए है ना? हमारे गाँव में भी रखते हैं. पर चाचा, अंदर नहीं जाएगा. मी म्हणलं, मंग हिच्या उशाला काय ठेवू? त्या म्हणल्या, पूरा जहाज ही लोहे का है, उसी में तो सुलाओगे. अण्णा, मी जालन्याचा माणूस, सळयांच्या कारखान्यांच्या गावचा, मला हे बिलकुल पटलं. लतीफला फोन केला, तो करमाडपर्यंत गेल्ता, तिथून फिरून आला, अन् एका भल्या माणसानं ती वस्तू बाहेर नेऊन त्याच्या हातात दिली.

आता खाकरण्याचं. विमानात चढायच्या रांगेत मी ठकूबाईला खांद्यावर घेऊन उभा होतो, सगळं जमून राह्यल्तं, मान बराबर धरल्ती, अन् माझ्या मागं कुणीतरी खाकरलं. अगदी तुमच्यासारखं, आधी बारीक अन् मंग खर्जात. अन् खोटं कशाला बोलू, माझं डोकं काही बोलायच्या आधी माझ्या हातांनी लेकरू पुढच्या बाईच्या हातात देऊन टाकलं, अन् मी हात मागं बांधून भिंतीकडं बघत उभा राह्यलो! सोमेश्वर चौतीस वर्षांचा झाला, तरी हातांची सवय गेली न्हाई. हळूच मागं बघितलं तर कानात वायरी घातलेला पंचविशीतला पोरगा. पुढची बाई म्हणजे तीर्थपुरीच्या रहिमुन्निसा आपा, सत्तरीच्या, लेकीकडं हैदराबादला निघालेल्या. त्यांनी लेकरू घेतलं, माशाल्ला म्हणलं, अन् मंग विचारलं, ये बच्ची किसकी है? मला इतकी शरम वाटली की काय सांगू. मी म्हणलं, माझी आहे. अण्णा, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो. सोमेश्वरबद्दल बी कधी असं मोठ्यानं बोललो नव्हतो.

आपांची खुर्ची योगायोगानं माझ्या शेजारीच आली, देव पाठीशी आहे म्हणतात ते असं. (त्या मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आलेल्या, विमान त्यांना एसटीसारखं.) हवाई सुंदरीनं माझ्या कमरेला पट्टा बांधला, मंग एक छोटा पट्टा आणला, तो ठकूबाईच्या पोटावरून घेतला अन् माझ्या पट्ट्यात अडकवला. म्हणजे आता कुणी कितीही खाकरो, मला तिला खाली ठेवता येणार न्हाई! मी तो पट्टा दोनदा ओढून बघितला. मनात म्हणलं, हे बरं झालं.

मंग विमान पळायला लागलं, अन् मी डोळे मिटले. आपा म्हणल्या, बच्ची कू दूध पिलाओ, कान दुखते. मी बाटली काढली, विमानानं नाक वर केलं, बाटली हातातून सुटली अन् घरंगळत पार शेवटच्या रांगेपर्यंत गेली. ठकूबाईनं भोकाड पसरलं. सगळं विमान माझ्याकडं बघून राह्यलं. मी काय करू? बोटाचं पेर तिच्या तोंडात दिलं, अन् तिला छातीशी घट्ट धरलं, जसं तुम्ही त्या दिवशी धरल्तं तसं. तिनं एका हातानं माझा उजवा कान पकडला, पेर चोखलं, अन् हळूहळू गप झाली. अण्णा, ती माझ्याकडं गप झाली! मागून बाटली एका हातातून दुसऱ्या हातात करत पुढं आली, हवाई सुंदरीनं गरम पाण्यानं धुऊन दिली, पण तवर तिला बाटलीची गरज राह्यली नव्हती.

खिडकीतून खाली बघितलं तर गोदावरी, परकराच्या नाडीएवढी. आपा म्हणल्या, वो हमारा तीर्थपुरी होना. मी म्हणलं, असंल. आणखी वर गेलो तर ढग बी खाली पडल्ते, सगळीकडं पिंजलेला कापूस सांडल्यासारखे, अन् उजेड इतका, की देवाचं घर ह्याच्या पलीकडच्याच गल्लीत असावं. माणसानं हे केलं, मणामणाचं लोखंड असं वर नेलं, ह्याचं मला राहून राहून नवल वाटलं. पण खरं सांगू का, थोड्या वेळानं मी खिडकीकडं बघायचं सोडून दिलं. ठकूबाई जागी होती. ती ना ढग बघत होती ना नदी. ती माझ्या सदऱ्याचं वरचं बटण बघत होती, मंग माझं तोंड, मंग परत बटण. तिच्या टाळूवर काहीतरी धडधड उडून राह्यल्तं, मी घाबरलो, तर आपा म्हणल्या, सबका होता. सबका होता! म्हणजे सोमेश्वरचं बी उडत असंल. बायका हे रोज बघतात, अन् कधी बोलल्या न्हाईत आपल्याला. पंखाखालच्या जगापेक्षा मला हेच मोठं वाटलं. मी रडलो थोडा. आपांनी दिसलं न्हाई असं केलं.

हैदराबादला बाहेर सोमेश्वर अन् दैवशाला उभे होते. दैवशाला लेकराकडं बघत होती, सोमेश्वर माझ्याकडं. त्यानं बापाच्या खांद्यावर कधी लेकरू बघितलंच न्हाई ना. पुढं आला, हात केले, म्हणला, बाबा, द्या. मी म्हणलं, राहू दे थोडं, झोपली आहे. (ती टक्क जागी होती अन् माझा कान ओढून राह्यल्ती.) मंग आईनं हात पुढं केल्यावर दिली, आईपुढं आपलं काय चालतं. गाडीपर्यंत माझी पिशवी सोमेश्वरनं घेतली अन् माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला.

इकडं सगळं ठीक. वहिनीला नमस्कार, धर्मराजला आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमचा धाकटा,
बद्रीनाथ

ता. क. ती लोखंडी वस्तू म्हणजे तुमचा अडकित्ता. दिवाळीत गोजरनं तुमच्या फळीवरून गुपचूप उचलल्ता. आपल्या घरातलं एकूण एक लेकरू त्याच अडकित्त्यावर झोपलं, दुसरं लोखंड चालणार न्हाई, असं तिचं म्हणणं. आता तो लतीफकडं सुखरूप आहे. तुम्ही दिवाळीपासून शेजारच्या पुंजारामवर त्याच्या चोरीचा आळ घेऊन त्याच्याशी बोलणं बंद केलं आहे, तवा आधी त्याच्याकडं जा, सुपारी खा (दातानं फोडा), अन् माफी मागा. गोजरला काही बोलू नका, तिचा पाय प्लास्टरात आहे.

दुसरा ता. क. वैशाखात ठकूबाईचं जावळ काढायला आम्ही सगळे केदारखेड्याला येऊन राह्यलो. गाडीतून उतरल्यापासून घरापर्यंत तिला मी घेणार, तुमच्या देखत. तुम्हाला खाकरायचं असंल तर खाकरा, घर तुमचं आहे. पण आता मी तिला खाली ठेवणार न्हाई. पाहिजे तर तुमच्याकडं देईन.

तिसरा ता. क. पत्र खरं ह्याच्यासाठीच लिहिलं. आठ महिन्यांचा असताना सोमेश्वर कसा होता, ते मला म्हाईत न्हाई अण्णा. तुम्हाला म्हाईत आहे. त्या दिवशी तुम्ही त्याला मळ्यात नेलं, तवा त्यानं बी तुमचा कान धरल्ता का? तेवढं कळवा.