बारा कडव्यांचे शाळागीत

सोमवार, २ जून. सकाळ.
आजपासून सूनबाईशी अबोला. माझी आरामखुर्ची न विचारता जिन्याखाली नेऊन ठेवली. का, तर खालच्या हॉलमध्ये तिची शाळा भरणार. शाळा सगळ्या प्रकारच्या मुलांची म्हणे. ऐकू येणारी, न येणारी, धावणारी, चाकाच्या खुर्चीतली, बडबडी, एक शब्द न बोलणारी, सगळी एका वर्गात. उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला, पण असली मोट बांधलेली पाहिली नाही.
तथापि हॉल माझा. म्हणजे संस्थापक मीच. संस्थापकाचे पहिले कर्तव्य शाळागीत. सगळी मुले एका सुरात, एका तालात म्हणतील असे. मुले वेगवेगळी असोत, माझी हरकत नाही. गीत सुरू झाले की सारखी व्हावीत.

गुरुवार, ५ जून.
गीत सिद्ध. वृत्त भुजंगप्रयात. कडवी बारा. आरंभ असा:
असे ज्ञानमंदीर हे थोर मोठे,
अम्हां लेकरांना नसे काहि तोटे.
लिहिताना डोळे भरून आले. आमचा तो कौलारू वर्ग, खिडकीतून येणारे तिरपे ऊन, साठ कंठांतून एकदम उठणारी कविता. गेले ते दिवस.
हिला, म्हणजे बायकोला, ऐकवले. तिसऱ्या कडव्याला म्हणाली, तुमच्या नादात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. आठव्याला म्हणाली, अजून आहे का? काव्याची आवड माहेरीच लागावी लागते.
अबोल्यामुळे गीत चिरंजीवांच्या हाती सूनबाईकडे धाडले. चिरंजीव दोन्ही पक्षांपुढे सारखीच मान डोलावतात.

सोमवार, १६ जून.
शाळा उघडली. मुले पाच. दाराला पिवळा रंग. मी सुचवलेले संस्कृत नाव कुठेही नाही. लोक पिवळ्या दाराची शाळा म्हणू लागले आहेत.
गीताचे कोणी नाव काढीना, तेव्हा मीच उभा राहून सुरुवात केली. पहिल्या ओळीला एका मुलीने कान दाबले. दुसऱ्या ओळीला ती किंचाळू लागली. एकाने टेबलावर ताल धरला, पण माझा नव्हे. एक टेबलाखाली गेला. पुढच्या रांगेतला एक मुलगा मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. म्हटले, हा खरा रसिक. सहाव्या कडव्याला सूनबाईने कोपराला धरून मला बाहेर काढले. माझ्याच हॉलमधून.
रसिक जन्मापासून बहिरा आहे, असे मागाहून कळले. रसिकतेचा कानांशी संबंध असतोच असे नाही.

मंगळवार, १७ जून.
अबोला स्थगित, कारण भांडायचे होते. सूनबाई म्हणाली, बाबा, त्या पोरीला मोठा आवाज सुईसारखा टोचतो. मी म्हणालो, होईल सवय. ती म्हणाली, तुम्हाला मिक्सरची झाली का? मुद्दा सोडून बोलण्यात सूनबाईचा हात कोणी धरणार नाही. वर म्हणे, एक कडवं ठेवू, हळू म्हणू, हाताच्या खुणांनीही करू. बारातले एक! मी ठणकावले, माझे गीत पेलत नसेल तर शाळाच लहान आहे. ती म्हणाली, लहानच आहे बाबा, पाच तर मुलं आहेत.
उद्धट.
निश्चय: संपूर्ण असहकार. शाळेच्या दिशेने बघणारसुद्धा नाही.

बुधवार, ९ जुलै.
दाराच्या फटीतून पाहिले. (दिशेने नव्हे, तिरपे.) मुले पंधरा झाली. शिस्त शून्य. एक मुलगा धडा वाचतो, शेजारचा तोच धडा मातीत घडवतो, तिसरी चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून उत्तर देते, आणि सूनबाई तिघांनाही बरोबर म्हणते. पाठांतर हा शिक्षणाचा कणा. हे शिक्षण गोगलगायीचे. थंडीपर्यंत टिकले तर मिशी उतरवीन.
उद्यापासून रोज दहा वाजता जिन्याखाली बसून खड्या आवाजात गीत म्हणायचे. चांगले आपोआप झिरपते.

शनिवार, १२ जुलै.
सूनबाईने हॉल आणि जिना यांच्यामध्ये जुन्या गाद्या उभ्या करून लावल्या आहेत. आता आतला आवाज बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. गाद्यांतली एक माझी. सतरंजीवर झोपतो आहे. हुतात्म्यांना गादी नसतेच.

सोमवार, २५ ऑगस्ट.
मुले वाढतच आहेत. ज्यांना जिना चढता येतो त्यांचा मातकामाचा तास आता माझ्या खोलीत. दुपारी पलंगावर टेकलो तर नवी शिक्षिका म्हणाली, आजोबा, जरा उठता का, तुम्ही गाईवर बसलाय. मातीची गाय. चपटी झाली होती. जिने ती केली होती त्या मुलीने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, आता झोपली. माझ्याकडे रागानेही पाहिले नाही. आमच्या वेळी मुलांना निदान रडायचे वळण होते.
शाळा कोसळणार हे माझे भाकीत कायम आहे. जितकी उंच, तितकी जोरात.

सोमवार, १३ ऑक्टोबर.
निर्वाणीचा इशारा दिला. जेवताना, चिरंजीवांना मध्ये न घेता, स्पष्ट सांगितले: एक तर रोज सकाळी बाराही कडवी, सगळ्यांनी, एका सुरात, नाही तर महिनाअखेर माझे घर रिकामे करा. हिचा वाढता हात थांबला. म्हणाली, पस्तावाल. सूनबाईने तांब्या उचलला. पाणी प्यायली. चिरंजीवांनी मान डोलावली, कोणाकडे ते कळले नाही.
शत्रू खचला. उद्या माफी येणार. आल्यास दहा कडव्यांवर तडजोड करावी. विजेत्याचे मन मोठे असावे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर.
सूनबाई सकाळीच चहा घेऊन आली. म्हणाली, बाबा, बरं झालं तुम्हीच विषय काढलात. मोठी जागा केव्हाची बघून ठेवलीय, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून जीभ रेटत नव्हती. पुढच्या आठवड्यात शाळा तिकडे हलवतो.
डाव फसला असे नव्हे. ती घाबरून पळत आहे.
चहा गार झाला.

रविवार, २ नोव्हेंबर.
संपूर्ण विजय. हॉल मोकळा. आरामखुर्ची पूर्वीच्या जागी. भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत पोरांच्या हातांचे रंगीत ठसे आहेत. उद्या रंगाऱ्याला बोलवावे.
दहा वाजता गीत म्हणायला घेतले. कोणी किंचाळले नाही. कोणी टेबल बडवले नाही. चौथ्या कडव्याला थांबलो. घसा बसला असावा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.
रंगाऱ्याला अजून बोलावलेले नाही. नव्या शाळेवरून सहज जाणे झाले. (दोन बस बदलून.) फाटकावरच्या चौकीदाराने विचारले, कोणाचे आजोबा? मी म्हणालो, संस्थापक. तो म्हणाला, बरं, बसा सावलीत.
सूनबाईला सुनावले, कोणालाच बाहेर ठेवत नाही अशी तुझ्या शाळेची ख्याती, मग मला ठेवलेस ते? ती म्हणाली, तुम्हाला कोणी ठेवलं, बाबा? शुक्रवारी मुलं आपापलं काही ना काही सगळ्यांपुढे मांडतात. ज्याला त्याला पाच मिनिटं. नंबर लावा. आवाज बेताचा.
मी नंबर लावावा, ज्याच्यापुढे साठ-साठ मुले उभी राहत त्याने.
लावला. पुढच्या शुक्रवारचे भरले आहेत, त्यानंतरचा मिळाला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. संध्याकाळ.
धोतर-कोट घालून गेलो. माझ्याआधी एका मुलीने पालीबद्दल सांगितले. पाल थांबते, मग पळते, मग थांबते. एवढेच, आणि तेही तीन वेळा. सगळ्यांनी दोन्ही हात हवेत हलवून वाहवा केली. इथे टाळ्या अशाच असतात.
मग मी. आवाज बेताचा ठेवला. दोन ओळी उत्तम झाल्या. तिसरी आली नाही. पुन्हा पहिल्यापासून घेतले. पुन्हा दोनच.
सूनबाईने पुढचा शब्द दिला नाही. ठाऊक असूनही. अडलेल्याला ढकलायचे नाही, थांबायचे, असा नियम आहे म्हणे. सगळी शाळा थांबली. कोणी हसले नाही. हसली असती तर रागावता तरी आले असते.
पाच मिनिटांच्या घड्याळातली वाळू संपली. सगळ्यांनी हात हलवले. पालीला हलवले होते तितकेच.
परतताना सूनबाईला सांगितले, तो विराम मुद्दाम घेतला होता, परिणामासाठी. ती म्हणाली, हो बाबा.
घरी आल्यावर हिला सहज विचारले, तिसरी ओळ काय होती गं? हिने भाजी चिरता चिरता, मान वर न करता सांगितली.
मी म्हणालो, चूक.
बरोबर होती.